वरून

गोपाळपूरला आषाढी पौर्णिमेच्या सकाळी एका बाईने काल्याचा घास माझ्या तोंडापुढे धरला आणि माझी मान मागे गेली.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. पंढरपुराहून तिथवर चालत येताना चपला चिखलात इतक्या रुतत होत्या की शेवटी त्या हातात घेतल्या. देवळाभोवती पालख्या, पताका, ओली धोतरं, टाळांचा गजर आणि सगळ्यावर पसरलेला आंबूस दह्याचा वास. एका दिंडीचं काल्याचं कीर्तन संपलं होतं, हंडी फुटली होती आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो दुसऱ्याच्या तोंडात भरवत होता. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, हिरवी मिरची, लिंबाच्या लोणच्याची एखादी फोड. ही बाई सत्तरीची असेल. कपाळावर बुक्का, दंडावर गोंदण, बोटांच्या पेरांना दही लागलेलं. बोलण्यावरून परभणी-हिंगोलीकडची वाटली. ‘घे माय, काला हाय,’ असं म्हणत तिने हात पुढे केला आणि मी काही ठरवायच्या आत, एखाद्या माशीला चुकवावं तशी माझी मान मागे सरकली. अर्धा इंच असेल, फार तर एक. तिच्या ते लक्षात आलं. ती रागावली नाही, चेहराही पडला नाही. म्हणाली, ‘बरं माय, हातावर घे.’ मी ओंजळ पुढे केली. तिने आपला हात माझ्या ओंजळीच्या वीतभर वर नेला आणि तिथून तो घास सोडला. तिचं बोट माझ्या हाताला लागू नये, अशा बेताने.

तो घास मी खाल्ला, हात कपाळाला लावला. ती पुढच्या माणसाकडे वळली आणि त्याच्या तोंडात घास कोंबून खळखळून हसली. परतीच्या एसटीत माझ्या बोटांना दह्याचा वास येत राहिला. माझी मान मागे गेली, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. शरीराला सवयी असतात. पण तिचा हात वर गेला, तो इतका सहज कसा गेला? तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. समोरची बाई संकोचली की हात किती वर न्यायचा, याचं माप तिच्या खांद्याला ठाऊक होतं.

मला ते माप ओळखीचं होतं. मी त्याच मापाच्या घरात वाढले.

वाईला आजोळी, कृष्णेच्या घाटापासून दोन आळ्या आत, आमच्या आजीचं स्वयंपाकघर होतं. पहाटे आंघोळ करून ती ओलेत्याने आत यायची. तिचं सोवळ्याचं लुगडं छपराखाली उंच दांडीवर वाळत असायचं आणि ते काठीनेच चढवायचं, काठीनेच उतरवायचं. पावसाळ्यात लुगडं वाळलं नाही तर धाबळी. ती एकदा सोवळं नेसली की आम्हा पोरांसाठी तिच्याभोवती एक न दिसणारं रिंगण तयार व्हायचं. ‘शिवू नकोस गं, सोवळ्यात आहे मी,’ हे वाक्य मी तिच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं असेल तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल. पिण्याच्या पाण्याची घागर वेगळी, वापरायच्या पाण्याची वेगळी. शिजलेल्या भाताला लागलेला हात खरकटा. तो धुतल्याशिवाय लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही. पाण्यात कणीक भिजवली तर पोळी, ती सोवळ्याबाहेर चालायची नाही. पण तीच कणीक दुधात भिजवली की दशमी, आणि दशमी प्रवासाला बरोबर नेता यायची. वाढतानाचा एक नियम तर माझ्या हातात अजून आहे: पळी किंवा भांडं पानाला टेकू द्यायचं नाही. टेकलं, तर सगळं भांडं खरकटं. म्हणून आजीचं वाढणं नेहमी वरून. भात वेळणीतून अलगद सुटायचा, वरणाची धार वरून यायची आणि तूप तर असं बारीक धरून सोडायची की पानापर्यंत पोचेतो ते सोन्याच्या तारेसारखं दिसायचं.

त्या स्वयंपाकघराबद्दल आज कोणी तोंड वाकडं करून बोललं की मला लागतं. कारण तिथे काय होतं ते मी पाहिलंय. तांदूळ निवडायला आजी सकाळच्या तिरप्या उन्हात बसायची, सूप मांडीवर घेऊन, आणि एकेक खडा, एकेक भाताचं फोल बाजूला करायची. निवडताना दाणा खाली सांडला तर तो उचलून पुन्हा सुपात. चुलीवरचा पदार्थ चाखून बघायचा नाही, कारण पहिला घास देवाचा. मीठ डोळ्यांनी आणि वासाने कळायचं, आणि त्या अंदाजात ती फारशी चुकलेली मला आठवत नाही. रागात असताना चूल पेटवायची नाही, हा तिचा स्वतःचा नियम. तो कुठल्या पोथीत आहे की नाही, मला माहीत नाही. एकदा आजोबांशी काहीतरी बिनसलं, तेव्हा ती तुळशीपाशी पायरीवर जाऊन बसली. किती वेळ, ते मला लहानपणी तासभर वाटलं होतं. खरं म्हणजे वीस मिनिटं असतील. भात उशिरा झाला. आजोबा पानावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. ‘हातातला राग भातात उतरतो,’ असं तिने नंतर माझ्या आईला सांगितलं. मग पानं मांडली जायची. देवाच्या पानाखाली पाण्याचं चौकोनी मंडल, वर तुळशीचं पान. आजोबा अग्नीत भाताच्या आहुत्या घालायचे, दाराबाहेर कावळ्याचा घास ठेवायचे, गाईचा वेगळा काढायचे. पानाच्या उजव्या बाजूला चित्राहुती, मग आपोष्णी, मग पाच प्राणांना पाच लहान लहान घास, न चावता. एवढं झाल्यावर जेवण. भूक लागलेल्या पोराला तो सगळा वेळ असह्य व्हायचा. पण आता मोबाइलकडे बघत उभ्याउभ्या पोहे गिळताना मला त्या पाच घासांची आठवण येते आणि आपल्या हातून काहीतरी निसटलंय असं वाटत राहतं.

मी तेरा वर्षांची झाले, त्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशीच मला पहिल्यांदा कावळा शिवला. मागच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाजवळ मला बसवलं. माजघरातून पुरणाचा, वेलचीचा, केवड्याचा वास येत होता, बायकांचं हसणं येत होतं. मी गुडघ्यात डोकं घालून बसले होते. सगळी पंगत उठल्यावर आजी माझी पत्रावळ घेऊन आली, ती तिने जमिनीवरून पुढे सरकवली आणि वरून पुरणपोळी सोडली. ती अर्धी दुमडून पडली. मग तूप, तेही वरूनच, पण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मी मागितलं नव्हतं तरी दुसरी पोळी. मग तिसरी. ती समोर उभी राहून मी खाते की नाही ते बघत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. तिला मला जवळ घ्यायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिने घेतलं नाही. त्या तीन पोळ्यांमधलं प्रेम मी आजही शपथेवर सांगेन, आणि त्या पोळ्या किती उंचावरून पडल्या तेही.

दर आठ-पंधरा दिवसांनी एक बाई डोंगरावरून सरपणाची मोळी घेऊन यायची. उन्हाने काळवंडलेली, डोक्यावर चुंबळ, पायांत काही नाही. ती अंगणाच्या कडेला मोळी टाकायची आणि तिथेच उकिडवी बसायची. आजी तांब्या घेऊन बाहेर जायची. ती बाई ओंजळ तोंडाशी धरायची आणि आजी वरून पाण्याची धार सोडायची, सावकाश, तिला ठसका लागू नये म्हणून मध्ये थांबत थांबत, तिचं पोट भरेपर्यंत. मग गुळाचा खडा. तोही वरून. ‘सावलीत बस जरा, मग जा,’ असं आजी तिला म्हणायची. माया आणि अंतर एकाच हातात, एकाच तांब्यात. मी दारात उभी राहून बघायचे आणि मला त्यात काही खटकायचं नाही. खटकायचं नाही, हेच आता खटकतं.

गेल्या काही वर्षांत मी थोडं वाचायला लागले. आमच्या घरात जे आचरणात होतं ते मुळात कुठून आलं, हे बघायचं होतं. छांदोग्य उपनिषदात सनत्कुमार नारदाला सांगतात: ‘आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः, सत्त्वशुद्धौ ध्रुवा स्मृतिः.’ आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, अंतःकरण शुद्ध तर स्मृती अढळ. मला वाटलं, ही आजीच्या चुलीची सनद. पण शंकराचार्यांचं भाष्य पाहिलं तर ते ताटाबद्दल बोलतच नाहीत. जे आत घेतलं जातं तो आहार, म्हणजे डोळ्यांनी, कानांनी, सगळ्या इंद्रियांनी आपण जे गोळा करतो ते. आणि ते राग, द्वेष, मोह यांचा डाग न लागता घेणं म्हणजे आहारशुद्धी. रामानुजांच्या परंपरेत मात्र आहार म्हणजे खायचं अन्नच आणि त्याला तीन दोष लागू शकतात. एक अन्नाच्या स्वतःच्या प्रकृतीचा, जसा कांदा-लसणाचा. त्याला जातिदोष म्हणतात, आणि इथली जात पदार्थाची आहे, माणसाची नाही. दुसरा निमित्तदोष: केस पडला, किडा पडला, धूळ बसली. आजीचं ते उन्हात बसून तांदूळ निवडणं हे निमित्तदोषाचं निवारणच होतं, तिला तो शब्द माहीत नसला तरी. आणि तिसरा आश्रयदोष: अन्न ज्याचं, ज्याच्या हातचं, त्या माणसाचा दोष.

या तिसऱ्या शब्दापाशी मी बराच काळ अडकून होते. माणसाच्या हातून अन्नात काही उतरतं, हे मला पटतं. आजीचं रागात चूल न पेटवणं त्याच समजुतीतून आलं असणार. लुबाडून आणलेल्या पैशाचं जेवण गळ्याखाली उतरू नये, हेही पटतं. पण मोळीवाल्या बाईने कोणाचं काय लुबाडलं होतं? तिच्या ओंजळीत कुठला राग होता? माणसाने काय केलं हे विचारण्याऐवजी तो कुठे जन्मला हे विचारणं सोपं असतं. वागणूक पारखायला वेळ लागतो, जन्म नावावरून कळतो. आश्रयदोषाची ही फट शेकडो वर्षं उघडी राहिली आणि तिच्यातून काय काय आत आलं, ते आपण जाणतो. मग गीतेचा सतरावा अध्याय पुन्हा काढला. लहानपणी पाठ केलेला, अर्थ न लावता. सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे ते तीन श्लोक वाचताना पहिल्यांदा ध्यानात आलं की त्यांत एकाही पदार्थाचं नाव नाही. कांदा नाही, लसूण नाही, तांदूळ नाही, दूध नाही. कोणी शिजवावं, कोणाच्या हातचं खावं, हेही नाही. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारं ते सात्त्विकांना प्रिय, असं आहे. प्रीती हा शब्द तिथे आहे. आणि तिसऱ्या अध्यायात तर याहून कडक सांगितलंय: जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात.

तामस आहारात मात्र ‘उच्छिष्ट’ आहे. उष्टं. आणि काला म्हणजे तर उष्टंच. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, आपल्या तोंडातला घास त्यांच्या तोंडात दिला, त्यांचा आपण घेतला, आणि त्या घासासाठी देव यमुनेत मासे होऊन आले, अशी कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. गोपाळ हात धुवायला नदीवर येतील, तेव्हा हाताला लागलेलं खरकटं तरी मिळेल, म्हणून. शबरीची बोरं वाल्मीकींनी उष्टी केलेली नाहीत. तिथे ती रानातला मेवा रामाला देते, एवढंच. उष्टी बोरं पुढे लोकांनी आणली. कोणाला तरी ती हवी होती. एकीकडे उष्ट्याला तामस म्हणणारी आणि दुसरीकडे उष्ट्यासाठी देवांना मासे करणारी, अशी ही एकच परंपरा आहे आणि ती दोन्ही मला प्रिय आहेत. यातून निवड करायला मला जमत नाही.

गोपाळपूरहून परतताना मी पंढरपुरात महाद्वारापाशी थांबले. नामदेवाची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. आत विठ्ठल, बाहेर चोखोबा, आणि मधलं अंतर चार पावलांचं. ते चार पावलांचं अंतर कायद्याने आणि मनाने ओलांडता यावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. म्हणजे माझी आई जन्माला आली होती तेव्हा. फार जुनी गोष्ट नाही.

त्याआधी वीस वर्षं, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी मंत्र म्हणत तळ्यात पंचगव्याचे घडे ओतले, ते शुद्ध व्हावं म्हणून. वाईहून महाबळेश्वरला चढून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या कानावर ते आलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही; ती गेली तेव्हा मला हा प्रश्नच पडलेला नव्हता. पंचगव्य आमच्याही घरी असायचं, श्रावणीला. आजोबा जानवं बदलायचे आणि मग पळीभर पंचगव्य सगळ्यांच्या तळहातावर पडायचं. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. मी नाक दाबून घ्यायचे आणि आजी म्हणायची, ‘वर्षभराचं काही साठलं असेल ते धुऊन निघतं.’ त्या तळ्यात तेच ओतलं गेलं. मोळीवाल्या बाईच्या ओंजळीने जे पाणी बाटलं असतं, ते पाणी धुण्यासाठी.

मी सोवळं पाळत नाही. लग्नानंतर पुण्यात आले, दोन खोल्यांत सोवळं ठेवायला दांडी नव्हती आणि नोकरीच्या वेळा होत्या. माझ्या मुलीला मी कधी पडवीत बसवलं नाही. आमच्याकडे कोणीही कुठेही वावरतं. हे सगळं मी मनात मोजून ठेवलं होतं, हिशेब चुकता असल्यासारखं. पण गोपाळपूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि ओट्याच्या वरची फळी पाहिली. तिच्या टोकाला, आमच्या कपांपासून वेगळा, पालथा घातलेला एक कप. निळ्या फुलांचा. कामाला येणाऱ्या मावशींचा. चौदा वर्षं त्या येतात. तो कप तिथे कधी गेला ते मला आठवत नाही; मी ‘वेगळा ठेवा’ असं म्हटलेलं आठवत नाही. कोणी विचारलं असतं तर मी स्वच्छतेचं काहीतरी कारण सांगितलं असतं आणि मला ते खरंही वाटलं असतं. पण याच मावशी आमच्या पोळ्या लाटतात. त्यांच्या हातचं मी रोज दोन वेळा जेवते. त्यांच्या ओठांना लागलेला कप तेवढा आम्हाला वेगळा लागतो. आजीच्या घरात निदान नियम उघड होता, तो बोलला जायचा, आणि तो तिच्या स्वतःच्या नातीलाही चुकला नव्हता. माझ्या घरात तो न बोलता राहिला.

मावशी आल्या. मी पंढरीचा प्रसाद दिला; लाह्या आणि बुक्का. त्यांनी लाह्या कपाळाला लावून तोंडात टाकल्या, बुक्का लावला, ‘आमच्या आईची वारी होती,’ म्हणाल्या, आणि कणीक घ्यायला लागल्या. त्यांची बोटं कणकेत जात होती, पाण्याचा हात लावून पुन्हा जात होती. मी चहा टाकला. फळीवरून दोन कप काढले, आमच्यातले, एकसारखे. ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी ते पाहिलं. हात धुतले, पदराला पुसले, टाचा उंचावून टोकाचा निळा कप काढला आणि माझ्यापुढे धरला.

‘राहू द्या ताई. हा माझा आहे.’

त्या आवाजात तक्रार नव्हती. थोडी मालकी होती, आणि मला न कळणारं आणखी काहीतरी. मी काय बोलणार होते? चौदा वर्षांनी, एका सकाळी, मला त्रास होतो म्हणून त्यांच्या हातातला कप काढून घ्यायचा? मी पातेलं उचललं. त्यांनी कप धरून ठेवला होता. चहाची धार पडायला लागली आणि मला माझा हात दिसला. किती वर होता तो. मी तो खाली आणत गेले, आणत गेले, पातेल्याची चोच कपाच्या काठाला टेकली, किणकिणली, आणि मी तिथेच धरून ओतत राहिले, कप भरेपर्यंत.